लिमात चार दिवस थांबावं की सरळ माचू पिक्चू गाठावं? (इमारती, खाणं आणि साबांचा शाकाहार)

खिडकीतली_चिमणी

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरूला जायचं घाटतंय. आम्ही न्यू जर्सीत असतो, साबा (सासूबाई) पुण्याहून आल्या आहेत आणि त्यांना माचू पिक्चू बघायचंय म्हणजे बघायचंयच, त्यावर चर्चा नाही. तर टूरवाल्याने जो कार्यक्रम पाठवलाय त्यात राजधानी लिमाला फक्त एक रात्र दिलीये, तीही विमानतळाजवळच्या हॉटेलात, आणि वर मला फोनवर म्हणतो की मॅडम तिथे बघण्यासारखं काही नाही, लोक फक्त विमान बदलायला उतरतात.

मी आर्किटेक्ट आहे (म्हणजे होते, सध्या दोन मुलांची प्रोजेक्ट मॅनेजर) आणि लिमाच्या त्या जुन्या लाकडी बाल्कन्यांचे फोटो कॉलेजात असल्यापासून डोक्यात आहेत. नवरा मालवणचा, त्याचा अजेंडा एका ओळीचा आहे, सेविचे (लिंबू पिळलेला कच्चा मासा). साबा शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. या तिघांना एका शहरात चार-पाच दिवस गुण्यागोविंदाने ठेवता येईल का? की टूरवाला म्हणतोय तेच बरोबर आहे आणि मी उगाच हट्ट करतेय? कोणी राहिलं असेल तिथे तर प्लीज सविस्तर लिहा, ब्लॉगवरची 'टॉप टेन' यादी नको, ती वाचून झालीये.

दर्याकिनारी

टूरवाल्याला म्हणावं तू घरी बस. मी नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं लिमात राहिलोय, मिराफ्लोरेस भागात, आणि माचू पिक्चू बघून लिमा न बघता परत जाणाऱ्यांची मला तिथे असतानाही कीव यायची. थांबा, नक्की थांबा.

पहिलं म्हणजे विमानतळाजवळ राहू नका, तो कायाओ भाग आहे आणि तिथून सगळंच लांब. मिराफ्लोरेस किंवा बारांकोला हॉटेल घ्या. समुद्राला लागून उभा कडा आहे आणि कड्याच्या वर शहर, खाली पॅसिफिक, त्यामुळे संध्याकाळी कड्यावरच्या बागांमधून नुसतं चालत सुटायचं. बारांको पूर्वी श्रीमंतांचं उन्हाळ्यात राहायला यायचं गाव होतं, आता चित्रकार, कॅफे, गाण्याचे अड्डे असं झालंय. १८७६ सालचा एक लाकडी पूल आहे तिथे, उसाशांचा पूल म्हणतात, त्याच्याखालून उतरत समुद्राकडे वाट जाते. तिथल्या एखाद्या पेन्यात, म्हणजे गाण्याच्या बैठकीच्या जागी, रात्री एकदा तरी जा. काहोन नावाचा लाकडी खोका असतो, वाजवणारा त्याच्यावरच बसतो आणि खाली वाकून पुढच्या फळीवर थापा मारतो, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वस्तीतून आलेलं वाद्य आहे, नवऱ्याला तबल्याचा कान असेल तर तिथून उठणार नाही.

आता सेविचे. एक नियम पाठ करा, सेविचे दुपारचं खाणं आहे. चांगली सेविचेरीया दुपारी बाराला उघडते आणि चार-पाचला शटर ओढते, रात्री जिथे सेविचेचे बोर्ड लुकलुकतात ती दुकानं तुमच्या-आमच्यासाठी असतात. मासा ताजा, चौकोनी तुकडे, मीठ, वरून कागदी लिंबू पिळायचं आणि तेही ऑर्डर दिल्यावरच. पूर्वी तासन्‌तास लिंबात ठेवायचे, आता काही मिनिटांत ताट समोर, यामागे जपान्यांचा हात आहे असं म्हणतात. १८९९ पासून जपानी लोक मजुरीला यायला लागले आणि त्यांच्या नि पेरूच्या खाण्याची जी गाठ पडली त्याला निक्केई म्हणतात. बारीक चिरलेला लाल कांदा, तिखटजाळ मिरची, कोथिंबीर, बाजूला उकडलेलं रताळं आणि मोठ्या दाण्यांचा पांढरा मका. खाली जो पांढुरका आंबट-तिखट रस साचतो तो चमच्याने प्यायचा, वेगळ्या ग्लासातही मिळतो. मालवणच्या माणसाला कच्चा मासा म्हटलं की पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखं होतं, मलाही झालं होतं, पण तो रस प्यायला की भीड चेपते.

सुर्कियोचा बाजार मिराफ्लोरेसपासून चालत जाण्याइतका आहे, सकाळी तिथे मासळी बघायला आणि फळं खायला जा. चिरिमोया घ्या, ते सीताफळाचं सख्खं भावंड.

आणि ऑक्टोबर म्हणजे तुम्ही नेमक्या जांभळ्या महिन्यात जाताय! त्याबद्दल नंतर लिहितो, मीटिंग आहे.

रोखठोक_राव

वरच्या प्रतिसादात सगळं गुलाबी दिसतंय म्हणून थोडं पाणी ओततो. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो आणि सूर्य म्हणून बघायला मिळाला नाही. आभाळ सिमेंटच्या रंगाचं, सकाळपासून रात्रीपर्यंत तेच, हवेत सतत दमट ओल, पाऊस मात्र पडत नाही. ट्रॅफिक पुण्याच्या लोकांनी सुद्धा तोंडात बोट घालावं असं, हॉर्न तर विचारू नका. टॅक्सीत काच उघडी ठेवून फोन हातात धरून बसलात तर सिग्नलला फोन गेलाच समजा. आमच्या बरोबरच्या एकांचा असाच गेला.

दोन दिवस पुरेत माझ्या मते. एक दिवस जुनं शहर, एक दिवस लार्को म्युझियम आणि समुद्र. ज्या हॉटेलांची जगात नंबर लागतात म्हणून हवा आहे (सेंत्राल २०२३ ला पहिलं होतं, माइदो २०२५ ला) तिथलं बिल बघून घरचा हप्ता आठवतो आणि बुकिंग महिनोन्‌महिने आधी करावं लागतं, साबांना घेऊन तिथे जाण्यात काही अर्थ नाही.

विटामाती

चिमणीताई, तुम्ही आर्किटेक्ट आहात म्हटल्यावर राहवलं नाही, त्यामुळे लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

लिमाकडे बघताना दोन गोष्टी धरून चला. तिथे पाऊस पडत नाही आणि तिथे भूकंप होतात. बाकी सगळं यातून येतं. रावसाहेबांना जे आभाळ आवडलं नाही ते थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे आहे, समुद्र गार, वर ढगांची चादर, पण वर्षभराचा पाऊस मोजायला गेलं तर आपल्याकडच्या एका वळवाच्या सरीएवढाही भरत नाही. म्हणून सपाट छपरं, पन्हळी नाहीत, आणि म्हणूनच मातीच्या इमारती दीड हजार वर्षं टिकल्यात.

सुरुवात वाका पुक्यानापासून करा. मिराफ्लोरेसच्या ऐन वस्तीत, चारी बाजूंनी अपार्टमेंट आणि मध्ये कच्च्या विटांचा पिरॅमिड, इंका यायच्या कितीतरी आधीचा, साधारण इ. स. २०० ते ७०० मधला. भिंतीच्या जवळ जाऊन बघा. विटा आडव्या नाहीत, उभ्या रचल्यात, फडताळात पुस्तकं लावावीत तशा, आणि दोन विटांमध्ये सांधा पूर्ण न भरता थोडी फट सोडलीये. जमीन हलली की प्रत्येक वीट आपापल्या जागी किंचित हलते, भिंत मात्र फुटत नाही. मी तिथे गाइडला कंटाळा येईपर्यंत उभी होते. संध्याकाळी दिवे लावून दाखवतात तेव्हा विटांच्या सावल्या जास्त चांगल्या दिसतात. मंगळवारी बंद असतं.

मग जुनं शहर. स्पॅनिश लोकांनी १५३५ मध्ये वसवलं आणि युरोपातल्यासारखं दगड-विटांनी बांधायला गेले, भूकंपांनी दर थोड्या वर्षांनी धडा शिकवला. १६५६ मध्ये सान फ्रान्सिस्कोचं चर्च पडलं तेव्हा नवीन बांधताना वरच्या कमानी किंच्याच्या केल्या. किंचा म्हणजे लाकडी सांगाडा, त्यात वेत विणायचे आणि वरून मातीचा गिलावा, आपल्या कोकणातला कूडच की हो! खालून बघाल तर भारदस्त दगडी कमान वाटते, प्रत्यक्षात हलकी टोपली आहे. १७४६ च्या भूकंपात शहर जवळजवळ सगळं झोपलं आणि कायाओ बंदर समुद्राने गिळलं, त्यानंतर तर वरच्या मजल्यांना किंचाच वापरायचा हे ठरूनच गेलं. सान फ्रान्सिस्कोत खाली तळघरात हजारो माणसांची हाडं आहेत, मांड्यांची हाडं आणि कवट्या गोल गोल नक्षीत लावलेल्या, साबांना आधी विचारा. त्यांना जिन्यावरचा लाकडी घुमट आणि जुनं ग्रंथालय आवडेल, तेवढं बघून त्या अंगणात बसू शकतात.

बाल्कन्यांबद्दल एक आगाऊ सूचना. मुख्य चौकात आर्चबिशपच्या वाड्याच्या ज्या प्रचंड कोरीव बाल्कन्या आहेत, ज्यांचे फोटो सगळीकडे असतात, तो वाडा १९२४ चा आहे. देखणा आहे, पण जुनी बाल्कनी बघायची तर तिथून चालत तोर्रे ताग्ले वाड्याकडे जा, १७३५ चा. आत आता परराष्ट्र खातं आहे त्यामुळे सोडतीलच असं नाही, समोरच्या फुटपाथवरून बघा. मधला दगडी दरवाजा, दोन्हीकडे काळपट लाकडाच्या बंदिस्त बाल्कन्या, आणि नीट बघा, दोन्ही सारख्या लांबीच्या नाहीत. जाळीच्या मागे बसून बायकांनी रस्ता बघायचा, रस्त्याने त्यांना बघायचं नाही, ही अरबांकडून स्पेनमार्गे आलेली रीत. पण लिमाच्या बायका त्याच्या पुढच्या होत्या, बाहेर पडताना शाल अशी गुंडाळायच्या की फक्त एक डोळा दिसेल, आणि मग नवऱ्यालाही ओळखू न येता गावभर हिंडायच्या. या प्रकारावर वारंवार बंदी आली, कोणी जुमानली नाही. 😀 १९९० च्या दशकात जुन्या बाल्कन्या ढासळायला लागल्या तेव्हा महापौर आल्बेर्तो आंद्रादे यांनी 'बाल्कनी दत्तक घ्या' अशी योजना काढली होती, कंपन्यांनी, माणसांनी एकेक बाल्कनी घेऊन दुरुस्त केली.

आता जे कुठल्याच टूरमध्ये नसतं ते. लिमाच्या उत्तरेला प्रेवी नावाची वसाहत आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी खेड्यांतून इतकी माणसं लिमात येत होती की वाळवंटात झोपड्यांची शहरं उभी राहिली. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष बेलाउंदे स्वतः आर्किटेक्ट, त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने कमी खर्चाच्या घरांची स्पर्धा लावली, तेरा पेरूचे आणि तेरा बाहेरचे आर्किटेक्ट. बाहेरच्यांत जेम्स स्टर्लिंग, आल्डो व्हॅन आयक, जपानचे कुरोकावा-किकुताके-माकी, आणि आपल्या मुंबईचे चार्ल्स कोरिया! मध्येच लष्कराने सत्ता घेतली, मूळ आराखडा आक्रसला, पण एकच डिझाइन निवडण्याऐवजी बहुतेकांची थोडी थोडी घरं खरोखर बांधली गेली, १९७० च्या दशकात पाचशेच्या आसपास. अट अशी की घर अर्धंच द्यायचं, पुढचं माणसाने आपल्या ऐपतीने वाढवायचं. कोरियांची घरं लांब, अरुंद, एकाला एक चिकटून. आज गेलात तर मूळ घर शोधावं लागतं, वर दोन-तीन मजले चढलेत, खाली किराणा दुकान, कुठे शाळा, कुठे टेरेसवर भाड्याची खोली. बरेच आर्किटेक्ट तिथे जाऊन हळहळतात. मला तरी तेच सगळ्यात भारी वाटलं, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये कोरियांनी नंतर हेच केलं आणि तिथेही लोकांनी घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदललीत. ज्यांनी बेलापूर पाहिलंय त्यांनी प्रेवी बघावंच. टॅक्सीने, दिवसाढवळ्या, आणि लोक राहतात तिथे, कॅमेरा घेऊन खिडकीत डोकावू नका.

नवीन बघायचं तर बारांकोतलं यूटेक विद्यापीठ, आयर्लंडच्या ग्राफ्टन आर्किटेक्ट्सचं, २०१५ चं. हमरस्त्याच्या बाजूने काँक्रीटचा कडा आणि वस्तीच्या बाजूने पायऱ्यापायऱ्यांच्या गच्च्या. पाऊस नाही, गारठा नाही, मग जिने, व्हरांडे बंद कशाला करायचे, सगळी इमारत वाऱ्यावर उघडी सोडलीये. रावसाहेब, ढगाळ प्रकाशात काँक्रीट फार सुंदर दिसतं हो, तुमच्या सिमेंट-रंगी आभाळाचा एवढा तरी उपयोग.

रोखठोक_राव

बरं, कोरिया आणि उभ्या विटा हे आम्हाला टूरवाल्याने सांगितलंच नाही. तीन दिवस म्हणा मग. ट्रॅफिकबद्दलचं मत कायम.

खिडकीतली_चिमणी

विटामाती, तुमचा प्रतिसाद वाचून मी सरळ तिकिटं पुढे ढकलली, म्हणजे लिमाचा मुक्काम वाढवला! प्रेवीबद्दल कॉलेजात एक स्लाइड होती फक्त, कोरियांचं नाव त्यात नव्हतं.

आता साबांचं सांगा कोणीतरी. त्यांनी आत्तापासून थेपले, लाडू, भडंग अशी यादी करायला घेतलीये. आणि दर्याकिनारी, जांभळा महिना काय भानगड आहे?

आमटीभात

शाकाहारीतर्फे मी हजर. उपाशी राहत नाही माणूस तिथे, फक्त ऑर्डर देताना वकिलासारखं बोलायचं. 'सिन कार्ने' एवढंच म्हणालात तर चिकन घालून आणतील, त्यांच्या लेखी ते मांसात धरत नाहीत. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन ह्वेवो' अशी पूर्ण आरती म्हणायची, म्हणजे मटण नको, कोंबडी नको, मासा नको, अंडं नको. सूप बहुतेक कोंबडीच्या पाण्यात असतं, सोडूनच द्या.

काय खायचं? पापा आ ला वांकाइना, उकडलेल्या बटाट्यावर पिवळी मिरची, चीज आणि दुधाचा दाट सॉस, वर उकडलेलं अंडं ठेवतात ते आधीच नको सांगा. काउसा, पिवळा बटाटा कुस्करून त्यात लिंबू आणि मिरची मळायची आणि मध्ये सारण, सारण आवाकाडोचं मागा, मेयोनीज नको म्हणा. तो पिवळा बटाटा हाताने भुगा होतो, आणि रंग आपण हळद घातल्यासारखा, पण हळद नसते. वाफवलेल्या मक्याच्या कणसाबरोबर ताज्या चीजचा जाड तुकडा. चीफात, म्हणजे चिनी खाणावळीत, भाज्यांचा फ्राइड राइस. चिनी लोक १८४९ पासून मजूर म्हणून आले तिथे, त्यामुळे चीफा गल्लोगल्ली आहेत आणि तिथे समजावून सांगितलं की करून देतात. गोड हवं तर केनेडी पार्कजवळच्या गाड्यांवर पिकारोनेस, भोपळा आणि रताळ्याचं आंबवलेलं पीठ, बाई बोट पाण्यात बुडवून पिठाचा गोळा उचलते आणि त्याच बोटाने भोक पाडत तेलात सोडते, हे बघण्यातच मजा आहे, मग वर काकवीसारखा दाट गुळाचा पाक, दालचिनी-लवंगेचा वास असलेला.

आणि साबांना उपास असेल तर चिंताच नको. बटाटा, रताळं, शेंगदाणा ही सगळी त्याच खंडाची पैदास, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो युका तिथे तळून देतात, राजगिऱ्याला किविचा म्हणतात आणि बाजारात किलोवर मिळतो. आपल्या उपासाच्या ताटात दक्षिण अमेरिका भरलीये, भगर तेवढी आपली.

बीफ चालत नसेल तर नवऱ्यालाही सांगा, अंतिकुचो म्हणून गाडीवर जे खरपूस भाजलेले तुकडे मिळतात ते गाईचं हृदय असतं. लोमो साल्तादो पण बीफच.

थेपले न्या पण. विमानात लागतात.

पासपोर्टवाला

कोरडा प्रतिसाद देतो, पण कामाचा. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, यूके, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असेल तर पेरूसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, ग्रीन कार्डवरही नाही. तरी निघायच्या आधी वकिलातीची साइट बघा, नियम बदलतात. साबांच्या व्हिसावर परत अमेरिकेत यायला मल्टिपल एन्ट्री आहे ना तेही बघा.

पिवळ्या तापाची लस. लिमा किंवा माचू पिक्चूला पेरू ती मागत नाही, पण पेरूहून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे भारत त्या लसीचं सर्टिफिकेट मागतो, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी. साबा साठीच्या पुढच्या असतील तर ही लस डॉक्टरांना विचारूनच, त्या वयात धोका थोडा जास्त असतो. तुम्ही लोक परत न्यू जर्सीला येणार आणि साबा त्यानंतर दोन-चार आठवडे राहून पुण्याला जाणार असतील तर प्रश्नच मिटला. पुण्या-मुंबईहून जे थेट जाऊन येणार आहेत त्यांनी मात्र हे विसरू नका, आणि थेट विमान नाही, युरोप किंवा साओ पाउलोमार्गे जावं लागतं, अमेरिकेतून बदलणार असाल तर ट्रान्झिटलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

दर्याकिनारी

जांभळा महिना. १६५१ च्या सुमारास अंगोलाहून आणलेल्या एका गुलामाने वस्तीतल्या मातीच्या भिंतीवर क्रूसावरचा ख्रिस्त रंगवला. मग १६५५ चा भूकंप आला, आजूबाजूचं सगळं पडलं आणि ती भिंत राहिली. नंतर १६८७ ला राहिली, १७४६ ला राहिली. तर त्या चित्राची प्रत चांदीच्या मखरातून खांद्यावर घेऊन मिरवतात, सेन्योर दे लोस मिलाग्रोस, लाखो लोक, बाया-पुरुष जांभळ्या झग्यात, धुपाचा धूर एवढा की पुढचा माणूस दिसत नाही. मोठ्या मिरवणुका १८, १९ आणि २८ ऑक्टोबरला असतात. तुमच्या तारखांत यातली एक तरी बसतेय. सगळी बेकऱ्यांची दुकानं तेव्हा तुर्रोन दे दोन्या पेपा या मिठाईने भरलेली असतात, बडीशेपेच्या वासाचे थर, मध्ये पाक, वर रंगीत गोळ्या. पण त्यात अंडं असतं, साबांना देऊ नका.

त्या दिवशी जुन्या शहरात टॅक्सी जात नाही, मेट्रोपोलितानो बसने जा. बारांको-मिराफ्लोरेसहून ती स्वतःच्या वेगळ्या लेनमधून थेट जुन्या शहराकडे धावते, रावांचं ट्रॅफिक बाजूला बघत बसायचं. गर्दीत साबांना नेऊ नका, लवकर सकाळी नाझारेनास चर्चच्या (ते चित्र तिथेच आहे) बाहेर थोडा वेळ उभं राहा आणि गर्दी वाढायच्या आत निघा. फोन आतल्या खिशात.

लार्को म्युझियम विसरू नका. बाकीच्या म्युझियममध्ये जे तळघरात कुलपात असतं ते भांड्यांचं अख्खं कोठार यांनी काचेच्या कपाटांत उघडं ठेवलंय, इंकांच्याही आधीच्या मोचे लोकांनी केलेले माणसांच्या चेहऱ्यांचे गाडगे बघा, सुजलेला गाल, फाटका ओठ सगळं हुबेहूब.

विटामाती

लार्कोत शृंगारिक भांड्यांचंही एक दालन आहे. वेगळ्या भागात आहे, बागेच्या पलीकडे, तेव्हा चुकून शिरायची भीती नाही. साबांना बागेत कॉफी द्या आणि तुम्ही दोघं जाऊन या.

खिडकीतली_चिमणी

😂😂 साबा मागे उभ्या राहून वाचतायत हे. म्हणाल्या, कॉफी तू पी, मी बघून येते.